शिरस्त्राणाची निवड

प्रस्तावना

भाषेचा उपयोग आपण केवळ भावना व्यक्त करण्यासाठी करत नाही. माहिती देणे, दोन गोष्टींची तुलना करणे, कारण आणि परिणाम यांचा संबंध उलगडून दाखवणे आणि योग्य निर्णयापर्यंत पोहोचणे यांसाठीही भाषाच कामी येते. अशा लेखनाला माहितीपर किंवा वैचारिक गद्य म्हणतात. अलंकारांपेक्षा अचूक शब्द, क्रमबद्ध मांडणी आणि पटणारी कारणे यांना या गद्यात अधिक महत्त्व असते.

प्रस्तुत पाठाचा विषय थोडा वेगळा आहे. झाडावर चढणे हाच ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांनी डोक्याच्या रक्षणासाठी कोणते शिरस्त्राण निवडावे, याचा विचार या पाठात केला आहे. एका साध्या वाटणाऱ्या वस्तूमागे किती विचार दडलेला असतो आणि चुकीच्या निवडीची किंमत किती मोठी असू शकते, हे पाठ वाचताना तुमच्या लक्षात येईल.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला पुढील गोष्टी करता येतील:
• वृक्षारोहकाला असणारे धोके वेगवेगळे करून सांगणे.
• शिरस्त्राण आघात कसा सौम्य करते, ते स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करणे.
• बांधकामाचे शिरस्त्राण आणि गिर्यारोहणाचे शिरस्त्राण यांतील फरक सांगणे.
• माहितीपर लेखनातील आज्ञार्थी व विध्यर्थी वाक्यरचना ओळखणे.
• 'डोके' या शब्दावरून तयार झालेल्या वाक्प्रचारांचा योग्य उपयोग करणे.

मूळ पाठ

१. उंचीवरचा व्यवसाय

नारळ आपोआप खाली पडण्याची वाट पाहत बसले, तर बागायतदाराचा संसार चालणार नाही. कोणीतरी वर चढावेच लागते. गोव्यात नारळ पाडणाऱ्याला 'पाडेली' म्हणतात आणि माडाची सूर काढणाऱ्याला 'रेंदेर'. कोकणपट्टीत, कर्नाटकाच्या किनाऱ्यावर आणि केरळात हा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पोफळीच्या बागेत तर कुशल कामगार एका झाडावरून खाली न उतरता, बारीक खोड झुकवून शेजारच्या झाडावर जातो. शहरांमध्ये पावसाळ्यापूर्वी रस्त्याकडेच्या वृक्षांच्या धोकादायक फांद्या छाटाव्या लागतात. तेथेही दोर आणि करवत घेऊन माणूसच वर जातो. युरोप-अमेरिकेत वृक्षांची निगा राखणाऱ्या अशा प्रशिक्षित व्यक्तीला 'आर्बोरिस्ट' म्हणतात.

आपल्याकडे या कामाला माणसे मिळेनाशी झाली, तेव्हा नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये 'नारळवृक्षाचे मित्र' घडवण्याचा प्रशिक्षण कार्यक्रम सुरू केला. त्यात यंत्राच्या साहाय्याने चढण्याचे शिक्षण दिले जाऊ लागले. झाडावर चढणाऱ्यांसाठी मंडळाची 'केरा सुरक्षा' ही विमा योजनाही आहे. विमा अपघातानंतर उपयोगी पडतो. शिरस्त्राणाचे काम मात्र अपघाताच्या क्षणीच असते.

तरीही झाडावर चढणाऱ्यांच्या डोक्यावर शिरस्त्राण क्वचितच दिसते. कारण विचारले, तर साधारणपणे तीन उत्तरे मिळतात: फार उकडते, वर पाहिले की ते मागे सरकून पडते आणि पुढची कड दृष्टीच्या आड येते. ही उत्तरे आळशीपणाची म्हणून उडवून लावणे योग्य नाही. या तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत. परंतु त्या चुकीच्या शिरस्त्राणाविषयी आहेत. जमिनीवर काम करणाऱ्यासाठी घडवलेली वस्तू झाडावर चढणाऱ्याच्या डोक्यावर ठेवली, तर ती गैरसोयीची होणारच. म्हणून प्रश्न 'शिरस्त्राण घालावे की नाही' हा नसून 'कोणते घालावे' हा आहे.

पाठगत प्रश्न १
(अ) रिकाम्या जागा भरा.
  (i) गोव्यात नारळ पाडणाऱ्याला ______ म्हणतात.
  (ii) 'नारळवृक्षाचे मित्र' हा कार्यक्रम ______ मध्ये सुरू झाला.
(आ) शिरस्त्राण न घालण्याची कोणती तीन कारणे लेखात सांगितली आहेत?

२. शिरस्त्राण काम कसे करते?

पहिल्या महायुद्धात सैनिकांनी पोलादी शिरस्त्राणे वापरली. त्यांवरून प्रेरणा घेऊन अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथील बुलार्ड यांच्या कंपनीने १९१९ मध्ये कामगारांसाठी कठीण टोपी तयार केली. वाफवलेले कॅनव्हास आणि सरस यांपासून ती बनवली होती. पुढे १९३३ मध्ये सुरू झालेल्या गोल्डन गेट पुलाच्या बांधकामावर अशा टोप्यांचा वापर सक्तीचा करण्यात आला. आज कॅनव्हासची जागा टणक प्लास्टिकने घेतली आहे. परंतु मूळ कल्पना तीच आहे.

शिरस्त्राणाचे दोन मुख्य भाग असतात. बाहेरचे कठीण कवच आणि आतली पट्ट्यांची जाळी. कवच आणि डोके यांमध्ये थोडी मोकळी जागा राखलेली असते. वरून एखादी वस्तू पडली, की कवच तो आघात एका बिंदूवर न ठेवता पसरवते. आतल्या पट्ट्या ताणल्या जातात आणि आघात थांबायला थोडे अधिक अंतर व थोडा अधिक वेळ मिळतो. क्रिकेटचा वेगवान चेंडू झेलताना खेळाडू हात किंचित मागे घेतो, त्यामागील तत्त्वही हेच. हात ताठ ठेवला, तर तळवा सोलवटून निघतो.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट समजते. कवच व डोके यांमधील मोकळी जागा ही वाया गेलेली जागा नव्हे, तीच खरे रक्षण करते. पुष्कळदा कामगार तेथे विडीचे बंडल, पैसे, दुमडलेला रुमाल किंवा मोबाईल ठेवतात. आघात झाल्यास पट्ट्यांना ताणायला जागा उरत नाही आणि ती वस्तूच डोक्यावर आदळते. काही शिरस्त्राणांत पट्ट्यांऐवजी किंवा पट्ट्यांच्या जोडीला फेसाळ पदार्थाचे अस्तर असते. ते चिरडले जाऊन आघात शोषून घेते. बाजूंनी होणाऱ्या आघातासाठी असे अस्तर विशेष उपयोगी ठरते.

३. पट्टा सुटावा की सुटू नये?

शिरस्त्राणाची सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे हनुवटीखालचा पट्टा. परंतु वृक्षारोहकाच्या दृष्टीने खरा निर्णय येथेच घ्यावा लागतो.

युरोपात औद्योगिक शिरस्त्राणांसाठी ईएन ३९७ आणि गिर्यारोहकांच्या शिरस्त्राणांसाठी ईएन १२४९२ ही मानके आहेत. औद्योगिक मानकाच्या २०१२ च्या आवृत्तीनुसार हनुवटीच्या पट्ट्याची जोडणी १५० ते २५० न्यूटन ओढ बसल्यावर सुटली पाहिजे. ही ओढ साधारणपणे १५ ते २५ किलो वजनाएवढी होते. जमिनीवर काम करणाऱ्याचे शिरस्त्राण एखाद्या यंत्रात किंवा सळईत अडकले, तर पट्ट्याने त्याचा गळा आवळला जाऊ नये, हा त्यामागील हेतू आहे.

गिर्यारोहणाच्या मानकाचा विचार नेमका उलटा आहे. त्यातील पट्ट्याने किमान ५०० न्यूटन, म्हणजे सुमारे ५० किलो वजनाची ओढ सहन केली पाहिजे. कारण कड्यावरून घसरणारा माणूस एकदाच आदळत नाही. तो दोराला लटकतो, झोका घेतो आणि पुन्हा खडकावर आपटतो. पहिल्याच धक्क्यात शिरस्त्राण उडून गेले, तर दुसऱ्या धक्क्याला डोके उघडे पडते.

आता झाडावरच्या माणसाचा विचार करा. त्याचा पाय निसटला, तर सुरक्षादोर त्याला धरून ठेवतो. पण तो लोलकासारखा झोका घेऊन खोडावर किंवा जाड फांदीवर आदळतो. त्याची अवस्था कारखान्यातील कामगारापेक्षा गिर्यारोहकाच्या अवस्थेशी अधिक जुळते. म्हणून उंचीवरच्या कामासाठी सहज न सुटणारा, भक्कम पट्टा असलेले शिरस्त्राण निवडणे श्रेयस्कर ठरते. काही उत्पादकांनी दोन्ही गरजा ओळखून, झाडावर असताना घट्ट राहणारा आणि जमिनीवर असताना सहज सुटणारा, असा बदलता येणारा पट्टाही तयार केला आहे.

भारतात औद्योगिक शिरस्त्राणांसाठी आयएस २९२५ हे मानक आहे. बाजारात सहज मिळते ते बांधकामाचे शिरस्त्राण याच प्रकारातले. तेच वापरायचे झाल्यास त्यावर आयएसआय चिन्ह आहे ना आणि त्याला हनुवटीचा पट्टा आहे ना, हे आधी पाहिले पाहिजे. पट्टा नसलेले शिरस्त्राण वर पाहताच पडते, आणि झाडावर चढणारा तर सतत वरच पाहत असतो. दुचाकीचे हेल्मेट हा त्यावरचा उपाय नव्हे. त्यासाठीचे मानक वेगळे, आयएस ४१५१, आहे. ते हेल्मेट जड असते, कान झाकते, बाजूची दृष्टी अडवते आणि फांदी मोडण्याचा पहिला आवाज ऐकू येऊ देत नाही.

पाठगत प्रश्न २
(अ) चूक की बरोबर ते लिहा.
  (i) कवच आणि डोके यांमधील जागेत रुमाल ठेवल्यास संरक्षण वाढते.
  (ii) गिर्यारोहणाच्या शिरस्त्राणाचा पट्टा ५०० न्यूटन ओढ सहन करणारा असावा लागतो.
(आ) औद्योगिक शिरस्त्राणाचा पट्टा ठरावीक ओढीनंतर सुटावा, असे का म्हटले आहे?

४. आकडे काय सांगतात?

शिरस्त्राण घातले म्हणजे आपण निर्धास्त झालो, हा समज घातक आहे. एक साधे गणित करून पाहू.

दीड किलो वजनाचा ओला नारळ १५ मीटर उंचीवरून पडला, तर जमिनीजवळ त्याचा वेग ताशी सुमारे ६२ किलोमीटर होतो आणि त्याच्यातील ऊर्जा सुमारे २२० जूल असते. औद्योगिक शिरस्त्राणाच्या युरोपीय चाचणीत ५ किलोचे वजन १ मीटर उंचीवरून टाकतात. ती ऊर्जा सुमारे ४९ जूल भरते. गिर्यारोहणाच्या शिरस्त्राणावर तेच वजन २ मीटरवरून टाकतात. ती ऊर्जा सुमारे ९८ जूल होते. म्हणजे झाडाखाली उभ्या राहिलेल्या माणसाच्या डोक्यावर नारळ पडला, तर चाचणीत जेवढी ऊर्जा गृहीत धरली आहे, तिच्या दुपटीहून किंवा चौपटीहून अधिक ऊर्जेचा आघात होतो.

याउलट, झाडाच्या शेंड्यापाशी काम करणाऱ्याच्या डोक्यावर तोच नारळ दोन मीटर वरून निसटला, तर ऊर्जा ३० जूलच्या आत राहते. तेथे चांगले शिरस्त्राण आपले काम चोख करू शकते. या गणितातून दोन नियम निघतात. पहिला असा, की चढणाऱ्याने शिरस्त्राण घालावे, कारण त्याच्या बाबतीत ते उपयोगी आहे. दुसरा असा, की खाली थांबणाऱ्याने शिरस्त्राण घालूनही झाडाखाली उभे राहू नये. त्याच्यासाठी अंतर हेच खरे शिरस्त्राण आहे.

शिरस्त्राणाची आणखी एक मर्यादा आहे. साठ किलो वजनाचा माणूस दहा मीटरवरून पडला, तर त्या पतनातील ऊर्जा ५,८०० जूलहून अधिक असते. ती कोणतेही शिरस्त्राण पेलू शकत नाही. म्हणून शरीराला बांधलेला सुरक्षापट्टा आणि मजबूत दोर यांचे स्थान आधी, शिरस्त्राणाचे त्यानंतर. एकाने दुसऱ्याची जागा घेता येत नाही.

५. वीज, उष्णता आणि माप

झाडाच्या फांद्यांतून विजेच्या तारा गेलेल्या असतील, तर निवड बदलते. वारा खेळण्यासाठी छिद्रे ठेवलेले शिरस्त्राण उन्हात सुखद वाटते. परंतु विद्युतप्रवाहापासून ते संरक्षण देत नाही. अमेरिकेच्या झेड ८९.१ या मानकात शिरस्त्राणांचे विजेच्या दृष्टीने तीन वर्ग केले आहेत. त्यांतील 'ई' वर्गाची चाचणी २०,००० व्होल्ट दाबावर होते. 'जी' वर्गाची २,२०० व्होल्टवर. आणि 'सी' वर्गाच्या शिरस्त्राणाकडून विजेपासून रक्षणाची अपेक्षाच नसते. तथापि 'ई' वर्गाचे शिरस्त्राण म्हणजे तारेला स्पर्श करण्याचा परवाना नव्हे. धातूची शिडी, ओली काठी किंवा लांब दांड्याचा कोयता तारेला लागला, तर प्रवाह हातातून शरीरात जातो. डोक्यावर काय आहे, याचा तेथे काहीच उपयोग होत नाही. तारेजवळच्या झाडाचे काम वीजपुरवठा बंद झाल्याची खात्री करूनच हाती घ्यावे.

जेथे तारा नाहीत, अशा बागेत छिद्रे असलेले, फिकट रंगाचे व वजनाने हलके शिरस्त्राण निवडावे. पुढची कड आखूड असावी, म्हणजे वर पाहताना ती मानेच्या हालचालीला अडथळा करत नाही. यंत्रकरवत वापरणाऱ्याने कानांवरची आवाजरोधक कवचे आणि डोळ्यांपुढची जाळी बसवता येईल असे शिरस्त्राण घ्यावे. मात्र त्यांमुळे वाढणारे वजन दिवसभर मानेला पेलवते का, हे घालून पाहावे.

माप घेण्यासाठी भुवयांच्या किंचित वरून डोक्याभोवती फीत गुंडाळावी. शिरस्त्राण चढवून मागची पट्टी आवळावी. हनुवटीचा पट्टा न लावता खाली वाकून डोके हलवावे. शिरस्त्राण जागचे हलले नाही, तर माप योग्य आहे. त्यानंतर पट्टा असा लावावा, की त्याखाली एक-दोन बोटे शिरतील, परंतु तो हनुवटीवरून घसरणार नाही. दुकानातून निघण्यापूर्वी छताकडे पाहावे, उजवीकडे-डावीकडे मान वळवावी. ही परीक्षा एका मिनिटाची आहे. ती टाळल्यास पुढे शिरस्त्राण खुंटीवरच लटकत राहते.

६. निगा आणि जबाबदारी

प्लास्टिक उन्हाने हळूहळू ठिसूळ होते. ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून शिरस्त्राणाच्या आतल्या बाजूस छापलेली निर्मितीची तारीख पाहावी आणि उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीनंतर ते बदलावे. कवचावर ऑइलपेंट लावू नये, रॉकेलने किंवा थिनरने ते पुसू नये. अशा द्रवांनी प्लास्टिक दुर्बल होते. साध्या साबणाचे पाणी पुरेसे असते. काम संपल्यावर ते उन्हात किंवा गाडीच्या काचेमागे ठेवू नये. जोराचा आघात सोसलेले शिरस्त्राण वरून धडधाकट दिसले, तरी पुन्हा वापरू नये. त्याने आपले काम एकदा केलेले असते.

एक प्रश्न उरतो: शिरस्त्राणाचा खर्च कोणी करायचा? २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. सुरक्षेसाठी केलेल्या सोयींबद्दल मालकाने कामगाराकडून पैसे घेऊ नयेत, हे तत्त्व तीत आहे. परंतु पाडेली हा बहुधा कोणाचाच पगारी नोकर नसतो. आज या बागेत, उद्या त्या बागेत, झाडामागे ठरलेल्या मजुरीवर तो काम करतो. त्याचा मालक कोण, हेच निश्चित नसते. अशा वेळी बागायतदारांनी एकत्र येऊन दोन-तीन चांगली शिरस्त्राणे व सुरक्षापट्टे गावात ठेवणे, हा व्यवहार्य मार्ग आहे. ज्याच्या श्रमावर आपली बाग उभी आहे, त्याच्या डोक्याची काळजी ही त्याची एकट्याची गोष्ट नाही.

'शिर सलामत तर पगडी पचास' ही म्हण आपण नेहमी ऐकतो. डोके शाबूत असेल, तर पगड्या कितीही मिळतील, असा तिचा अर्थ. झाडावर चढणाऱ्यासाठी मात्र योग्य पगडीची निवड आधी करावी लागते.

पाठगत प्रश्न ३
(अ) योग्य पर्याय निवडा.
  तारांजवळच्या कामासाठी छिद्रे असलेले शिरस्त्राण निवडू नये, कारण
  (i) ते महाग असते  (ii) ते जड असते  (iii) ते विजेपासून संरक्षण देत नाही
(आ) 'त्याच्यासाठी अंतर हेच खरे शिरस्त्राण आहे.' हे वाक्य कोणाविषयी आहे?

शब्दार्थ

शिरस्त्राण – डोक्याचे रक्षण करणारे साधन, हेल्मेट
वृक्षारोहक – झाडावर चढणारा
बागायतदार – बागेचा मालक
सूर – माडापासून मिळणारा रस, ताडीसारखे पेय
आघात – जोराचा धक्का, मार
मानक – गुणवत्तेचे ठरवून दिलेले प्रमाण
सरस – चिकटवण्यासाठी वापरला जाणारा पदार्थ
लोलक – टांगलेली, झोके घेणारी वस्तू
श्रेयस्कर – हिताचे, अधिक चांगले
निर्धास्त – निश्चिंत, भीती नसलेला
ठिसूळ – सहज मोडणारे
व्यवहार्य – प्रत्यक्षात आणता येण्याजोगे

भाषाभ्यास

१. संधी आणि समास
'शिरस्त्राण' हा शब्द शिरः + त्राण असा तयार झाला आहे. विसर्गापुढे 'त' आल्यामुळे विसर्गाचा 'स्' झाला. ही विसर्गसंधी होय. 'शिराचे त्राण' असा विग्रह केल्यास हा षष्ठी तत्पुरुष समास ठरतो. 'वृक्षारोहण' या शब्दात वृक्ष + आरोहण अशी स्वरसंधी आहे.

२. आज्ञार्थ आणि विध्यर्थ
पुढील वाक्ये पाहा.
  (अ) कवचावर रंग लावू नका.
  (आ) कवचावर रंग लावू नये.
पहिल्या वाक्यात समोरच्या व्यक्तीला थेट सूचना आहे. हे आज्ञार्थी वाक्य होय. दुसऱ्या वाक्यात सर्वांनी पाळावयाचा नियम सांगितला आहे. हे विध्यर्थी वाक्य होय. सूचनापत्रकात पहिली रचना अधिक आढळते, लेखात दुसरी. या पाठात 'निवडावे', 'पाहावे', 'ठेवू नये' अशी विध्यर्थी रूपे अनेकदा आली आहेत. ती शोधून काढा.

३. 'डोके' शब्दावरून वाक्प्रचार
डोके चालवणे – विचार करून मार्ग काढणे
डोक्यात शिरणे – समजणे
डोके ठिकाणावर नसणे – भान नसणे
डोक्यावर बसवणे – अति लाड करणे
डोक्यावरून पाणी जाणे – परिस्थिती हाताबाहेर जाणे
यांपैकी कोणत्याही तिन्हींचा स्वतःच्या वाक्यात उपयोग करा.

४. इतर भाषांशी तुलना
नारळ पाडणाऱ्याला आणि शिरस्त्राणाला तुमच्या परिसरातील भाषेत कोणते शब्द आहेत, ते मिळवा व मराठी शब्दांशी त्यांची तुलना करा.

तुम्ही काय शिकलात?

• वृक्षारोहकाला वरून पडणाऱ्या वस्तू, झोका घेऊन आदळणे आणि विजेच्या तारा असे तीन मुख्य धोके असतात.
• कवच आणि डोके यांमधील मोकळी जागा आघात सौम्य करते. ती भरू नये.
• औद्योगिक शिरस्त्राणाचा पट्टा अडकल्यास सुटावा, तर गिर्यारोहणाच्या शिरस्त्राणाचा टिकून राहावा, अशी अपेक्षा असते. झाडावरच्या कामाला दुसरा विचार अधिक लागू पडतो.
• शिरस्त्राण हे दोर व सुरक्षापट्टा यांना पर्याय नाही.
• माप, वजन, दृष्टी, उष्णता आणि मुदत यांचा विचार करूनच निवड करावी.
• माहितीपर लेखनात आकडे, तुलना आणि कारणमीमांसा यांना महत्त्व असते.

पाठान्त प्रश्न

१. शिरस्त्राण आघात कसा सौम्य करते, ते क्रिकेटच्या उदाहरणासह सहा-सात ओळींत लिहा.
२. हनुवटीच्या पट्ट्याविषयीचे दोन विचार स्पष्ट करा. वृक्षारोहकासाठी तुम्हांला कोणता योग्य वाटतो? कारणे द्या.
३. 'शिरस्त्राण घातले म्हणजे आपण निर्धास्त झालो, हा समज घातक आहे.' पाठातील आकड्यांच्या आधारे या विधानाचे स्पष्टीकरण करा.
४. पाडेलीच्या सुरक्षेची जबाबदारी कोणाची, याविषयी तुमचे मत आठ-दहा ओळींत मांडा.
५. तुमच्या परिसरात उंचीवर काम करणाऱ्या एखाद्या कामगाराशी बोला आणि तो कोणती सुरक्षासाधने वापरतो, कोणती टाळतो व का टाळतो, यावर टिपण तयार करा.
६. गावातील बागायतदारांनी सामायिक शिरस्त्राणे खरेदी करावीत, अशी विनंती करणारे पत्र ग्रामपंचायतीच्या सरपंचांना लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

१. (अ) (i) पाडेली (ii) २०११ (आ) फार उकडते. वर पाहिले की ते मागे सरकून पडते. पुढची कड दृष्टीच्या आड येते.
२. (अ) (i) चूक (ii) बरोबर (आ) शिरस्त्राण कशात अडकल्यास पट्ट्याने गळा आवळला जाऊ नये म्हणून.
३. (अ) (iii) ते विजेपासून संरक्षण देत नाही (आ) झाडाखाली थांबणाऱ्या माणसाविषयी.